गळ्यातली नळी काढून पाच महिने झाले, भोक बुजत नाही. दोन टाके घालायचे की फ्लॅपचं ऑपरेशन?

राळेगावची सून

नमस्कार. प्रश्न माझ्या सासऱ्यांबद्दल आहे. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. वय ५८, शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मागच्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या रात्री वडकीहून गाडीवर येत होते, रोही आडवा आला. डोक्याला मार लागला. नागपूरला १९ दिवस व्हेंटिलेटरवर होते. दहाव्या दिवशी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. शुद्धीवर आले, घरी आले, पण खोकून बेडका बाहेर टाकायची ताकद नव्हती, म्हणून नळी तशीच राहिली. मग तुरी आल्या, मग दिराचं लग्न आलं, दोन तारखा आमच्याच हातून हुकल्या. नऊ महिन्यांनी जूनमध्ये नळी काढली. तेव्हा सांगितलं होतं, आठ-दहा दिवसांत आपोआप बुजेल.

बुजलं, पण अर्धंच. आता तुरीच्या दाण्याएवढं उरलंय आणि तिथंच थांबलंय. बोलताना हवा तिथून जाते, म्हणून अंगठा दाबून बोलतात. फोन उजव्या हातात, डावा अंगठा गळ्यावर. खोकला आला की बेडका तिथूनच उडतो, शर्टाची कॉलर दिवसातून दोनदा बदलावी लागते. भोवतालची कातडी लाल होऊन सोलते. सध्या कापसाची वेचणी चालू आहे. वावरात गेले की तंतू आत जातात आणि रात्रभर खोकतात. माझी चार वर्षांची मुलगी त्यांच्या मांडीवर बसून भोकावर बोट ठेवते आणि म्हणते, "आता बोला आबाजी." ते हसतात, पण मला बघवत नाही.

इथले एक डॉक्टर म्हणतात, "एवढंसं भोक, दोन टाके घालून देतो, अर्ध्या तासात घरी." नागपूरला दाखवलं तर ते म्हणाले, आधी दुर्बीण, मग फ्लॅपचं, म्हणजे बाजूची कातडी सरकवून भोक बुजवायचं ऑपरेशन, तीन-चार दिवस भरती. घरात सगळ्यांना दोन टाके बरे वाटतात. वेचणीचे दिवस आहेत, माणूस दवाखान्यात बसवायला नाही. कोणाच्या घरी असं झालंय का? एवढ्याशा भोकाला एवढं मोठं ऑपरेशन खरंच लागतं का?

शेतकरीपुत्र वणी

ताई, घाबरू नका. आमच्याकडे जखमेवर हळद आणि जुनं तूप लावतात, कितीही जुनी असो, महिन्यात भरते. भोकावर हळदीची पूड दाबून पट्टी बांधा. ऑपरेशन शेवटचा उपाय.

खंजिरीवाला

वणीवाले भाऊ, राग नका मानू, पन हे जखम नाई. हे दार आहे. त्याच्यातून पूड टाकली तं सरळ फोपसात जाईन. ताई, हळद बिलकुल नका लावू.

मी आर्णीकडचा. मले हेच झालतं, म्हून सगळं लिवून रायलो. लांबलं तं माफ करा.

माह्यं कारण वेगळं. पऱ्हाटीवर फवारा मारत होतो. पाठीवरचा पंप गळे, शर्ट ओला झाला, मले वाटलं घामच आहे. रातच्याले तोंडातून लाळ, घाम, डोळ्यापुढं धुकं. दवाखान्यात विषावरचं ॲट्रोपिन चालू केलं अन् दुसऱ्या दिवशी मी उठून बसलो, चहा पेलो, बायकोले म्हटलं उद्या घरी जाऊ, खत टाकाचं आहे. तिसऱ्या दिवशी उशीवरून मान उचलता येईना. बस तेवढंच. बाकी हातपाय हालत होते. डॉक्टरनं मले मान उचल म्हटलं, मले जमलं नाई, अन् त्याईचा चेहराच बदलला. या फवाऱ्याच्या औषधाचं असंच असते म्हणे, पयला झटका ओसरला की एक ते चार दिवसांत मानेचे अन् श्वासाचे स्नायू ढिले पडते. २०१७ ले आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली, ते तुमाले आठवत असन. माह्यं त्याच्या दोन वर्षांनंतरचं. मी गेलो नाई, नळीवर आलो. २३ दिवस मशीन, अन् नळी सात महिने.

आता तुमचा प्रश्न. एवढंसं भोक बुजत काहून नाई? मले एका सिस्टरनं सांगितलं ते सगळ्यात पटलं. पोरीचं कान टोचते तवा काडी आठ दिवसांत काढली तं भोक बुजून जाते. वर्षभर ठेवली तं मंग आयुष्यभर बुजत नाई, काहून का त्या भोकाले आतून कातडी येते. गळ्याचं तसंच. बाहेरची कातडी आत सरकत जाते, श्वासनळीचं आतलं अस्तर बाहेर येते, दोघं मधात भेटते. मंग ते भोक जखम रायतच नाई. शरीराले वाटते हे असंच असाचं. भरून काढाले काही उरलंच नाई, तं ते भरन काहून?

म्हून दोन टाक्यांचं सांगतो, कारण मी ते करून बसलो आहे. गावाचं नाव सांगत नाई, डॉक्टरचंबी नाई, माणूस वाईट नव्हता. लहान दवाखाना, टेबलावर झोपवलं, सुन्न कराचं इंजेक्शन, तीन टाके, वरून चिकटपट्टी घट्ट. घरी आलो, वरण-भात खाल्ला. सांजच्याले खोकला आला. एक, दोन, तीन उबळी. मानेले काहीतरी गरम गरम सरकल्यासारखं वाटलं. बायकोनं कंदिलासारखा मोबाइल धरून पायलं, तं गळा फुगून हनुवटीच्या लाइनीत आलता. हात लावला तं कातडीखाली कुरकुर वाजे, मुरमुऱ्याच्या पोत्यावर हात ठेवावा तसं. वर कातडी बंद, खाली श्वासनळीचं भोक उघडं, खोकल्याची हवा जाईन कुठं? कातडीखाली शिरली. रातच्या अकराले भाड्याची गाडी करून जिल्ह्याले गेलो. तिथल्या पोरीनं, शिकाऊ डॉक्टर असन, पंचविशीची, काही न विचारता कैची घेतली अन् टाके कापले. फुस्स करून हवा गेली. ते म्हणे, "काका, हे हवा छातीत उतरली असती तं?" मले तवा समजलं का घट्ट झाकण लावणं अन् बुजवणं, यात फरक आहे.

मंग मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं पयले पंधरा दिवस भोकाले कोनी हातबी लावला नाई. मले राग आला. मी भोक दाखवो अन् ते वरचं पाये. नाकातून बारीक दुर्बीण टाकली, मंग गळ्याचा सीटी. भोकाच्या जरा वरती, आतून, मांसाचा गोळा आलता, बोराच्या बीएवढा. नळी घासून घासून तो वाढते म्हणे. आता इचार करा. माह्या श्वासाची वरची वाट अर्धी बंद अन् मी खालचं भोक बुजवाले निघालो होतो. त्या रातच्या टाक्यानं हवा कातडीत गेली हे बरंच झालं म्हणाचं. पयले तो गोळा काढला. मंग एक रात वॉर्डात भोकावर पट्टी चिकटवून झोपवलं, बोटाले चिमटा लावून. रातभर ऑक्सिजन खाली आला नाई, तवा कुठं तारीख दिली.

तुमाले मी एकच गोष्ट सांगन तं हेच. भोक लहान का मोठं हे नंतर पाहा. वरची वाट मोकळी आहे का, हे दुर्बिणीनं पायल्याशिवाय कोनालेच बुजवू देऊ नका.

ऑपरेशनच्या आधी सर्जननं मले इचारलं, "दाढी खालपर्यंत कुठवर येते?" मी म्हटलं साहेब, ऑपरेशन गळ्याचं आहे, दाढीचं काय काम? ते हसले. म्हणे, भोकाच्या भोवतीची कातडी आम्ही उलटी करून आत घालतो. त्या कातडीले केस असन तं ते तुमच्या श्वासनळीत उगवन, अन् तिथं न्हावी जात नाई. मी दोन दिवस दाढी वाढवून दाखवली. डाव्या बाजूले केस नव्हते, तिकडची कातडी घेतली.

फ्लॅप म्हंजे काय ते मले असं समजलं. आपण कापसाच्या बोऱ्याचं तोंड शिवतो तवा नुसत्या कडा जुळवून सुतळी घातली तं उसवते. काठ आत मुडपून शिवला तं धरते. तसं. भोकाच्या बाजूले एक चकती आखली. भोकाकडची कड जोडलेली ठेवली, बाकीची मोकळी केली अन् दाराच्या पल्ल्यासारखी आत उलटवली. म्हंजे जे कातडी आतापर्यंत ऊन खात होती ते श्वासनळीच्या आतल्या अंगाले गेली. आत कच्चं मांस उघडं ठेवलं तं परत गोळा वाढते, वाट अरुंद होते, म्हून आतबी तयार अस्तरच पायजे. त्याच्यावर कंठाच्या दोन अंगाले पट्ट्यासारखे स्नायू असते, ते मधात ओढून शिवले. तो दुसरा थर. अन् वरून कातडी. चकती काढल्यानं तिथं खड्डा पडलता, नुसती ओढून शिवली असती तं ताणली असती. म्हून बाजूची कातडी शंकरपाळ्यासारखी कापून तिरपी सरकवली. आजबी माह्या गळ्यावर शंकरपाळा आहे, नातेवाईक इचारते हे कायचं गोंदण.

पुरी भूल दिली होती, तोंडातून नळी घालून. दीड-पावणेदोन तास लागले असं बायको म्हणते. जाग आली तं पयले मी गळ्याले हात लावाले गेलो अन् सिस्टरनं हात धरला. गळ्याची पट्टी ढिली होती. मी म्हटलं पडन हे. ते म्हणे मुद्दाम ढिली आहे, अन् रबराची पट्टीबी एका कोपऱ्यातून बाहेर ठेवली, हवा अडकाले नाई पायजे म्हून. खोकला आला तं तळहातानं वरून हलका आधार द्याचा, दाबाचं नाई. रातभर दर तासाले कोनीतरी येऊन गळ्याभोवती बोटं फिरवून जाये. मले समजत होतं काय शोधते. मुरमुरे.

दुसऱ्या दिवशी रबर काढलं, चौथ्या दिवशी घरी, टाके आठव्या दिवशी. महिनाभर पंप नाई, पोतं नाई, बैलाले हाक नाई, संडासले कुंथणं नाई. इसबगोल खा म्हणे.

आता कबुली. मी १७ वर्षांपासून खर्रा खातो. तीन हप्ते आधी बंद कर म्हटलं होतं, तंबाखूनं रक्ताच्या बारीक नळ्या आवळते अन् सरकवलेली कातडी जगत नाई. मी बंद केला. पन घरी आल्यावर सहाव्या दिवशी साळा आला, त्याच्या खिशात पुडी. दोनदा खाल्ला. शंकरपाळ्याचा एक कोपरा काळा पडला. खपली धरून निघाला, पंधरा दिवस ड्रेसिंग वाढलं. सर्जननं इचारलं तवा मी नाई म्हटलं. त्याईले माहीत होतं.

आवाज परत आला. अंगठा लागत नाई. मंडळात खंजिरी वाजवतो, भजन म्हणतो, पन वरची पट्टी पयल्यासारखी लागत नाई. तिथं पोरगं म्हणते, मी खालून धरतो.

कान-नाक-घसा, नागपूर

वरच्या काकांनी जे लिहिलंय त्यात दुरुस्ती करावी असं फार थोडं आहे, पण थोडं आहे.

प्रत्येक भोकाला फ्लॅप लागतोच असं नाही. लहान भोक असेल तर आतली कातडी आलेला बोगदा पूर्ण कापून काढतात. मग एक तर थराथरानं शिवतात, किंवा मुद्दाम न शिवता जखम ताजी करून आपोआप भरू देतात. तेही बऱ्याचदा यशस्वी होतं. चुकतं कधी, तर बोगदा तसाच ठेवून फक्त वरची कातडी शिवली जाते तेव्हा. काकांचं तसं झालं असावं. भोक मोठं असेल, आधीचा प्रयत्न फसला असेल किंवा मानेला शेक म्हणजे रेडिएशन दिलेलं असेल, तर फ्लॅपचा विचार आधी येतो. शेक दिलेल्या गळ्यात आजूबाजूची कातडी भरवशाची नसते, तिथं छातीचा स्नायूसुद्धा आणावा लागतो. तुमच्या मामाजींना तसं काही दिसत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी फ्लॅप का सुचवला हे त्यांनाच विचारा, ते सांगतील. बाहेरून तुरीच्या दाण्याएवढं दिसणारं भोक आत रुंद असू शकतं.

शुगर मात्र हलक्यात घेऊ नका. उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी, दोन्ही तपासण्या करून आणा. शुगर वर असताना टाके घातले तर सुटायची भीती जास्त.

ऑपरेशन होईपर्यंत भोकावर स्वच्छ ओलसर गॉज सैल बांधा, वरून सुती दुपट्टा. वेचणीला पाठवू नका. विहिरीत, नदीत उतरणं बंद. आंघोळीत डोक्यावरून पाणी घेताना कोणीतरी जवळ असावं. भोवतालची कातडी सोलतेय ती बेडक्याच्या ओलीमुळं, तिथं मलम लावायचं ते फक्त कडेला, भोकाच्या तोंडाशी नाही.

आणि कोणत्याही पद्धतीनं बंद केल्यानंतर गळा फुगला, हाताखाली कुरकुर लागली, छातीत दुखलं किंवा श्वास लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्या शिकाऊ मुलीनं जे केलं ते अगदी बरोबर होतं.

राळेगावची सून

काका, मॅडम, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मामाजींना आज अंगणात बसून सगळं वाचून दाखवलं. मुरमुऱ्याचं ऐकून गप्प झाले. दोन टाक्यांचा विषय आमच्या घरातून संपला. खर्रा ते खात नाहीत, बिडी ओढतात, तीही आत्तापर्यंत लपवून. आज मुलीनं सांगितलं की आबाजींच्या गळ्यातून धूर निघतो. मला हे माहीतच नव्हतं.

पण ते म्हणतात, "भोक बुजवायला गेलो आणि पुन्हा नळी बसवली तर?" याचीच त्यांना भीती आहे. खर्चाचंही विचारायचं होतं.

खंजिरीवाला

धूर निघतो म्हंजे बिडी आजच बंद. आजच.

नळीची भीती मलेबी होती. खोटं नाई सांगत, सही घेताना सर्जननं ते सांगितलं होतं. श्वास अडला तं परत नळी टाकावी लागू शकते. पन म्हूनच पयले दुर्बीण, पट्टीची रात, सगळं करते. त्याच्यात पास झाला तं तो धोका लय कमी होते. मामाजीले सांगा, पट्टीची एक रात काढून पाहा. स्वतःच्या नाकानं रातभर झोपले तं त्याईलेच धीर येईन. मले त्याच रातीनं आला.

खर्चाचं, महात्मा फुले योजनेत बसते का ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राले इचारा, भरती व्हाच्या आधी. नंतर इचारलं तं कागदं फिरवत बसाल. राशन कार्ड, आधार, दोन्ही अस्सल न्या. नागपूर लांब वाटत असन तं सेवाग्राम, सावंगी तुमाले जवळ आहे, कान-नाक-घशाचा विभाग तिथंबी आहे.

जुना सीटी, डिस्चार्जचा कागद, नळी काढली त्या दिवसाचा कागद, सगळं एका पिशवीत. नळी कोणत्या नंबरची होती ते त्याच्यावर लिवलेलं असते, ते इचारते. सकाळची पयली गाडी धरा. चिठ्ठी उशिरा निघाली तं दुर्बीण दुसऱ्या दिवसावर जाते. अन् उपाशी न्याचं म्हून शुगरची गोळी देऊन उपाशी नका नेऊ, ते आधी फोन करून इचारून घ्या.